कासवाला मूग दिसला: चिनी बोलीतलं आकर्षण

दोघांचं एकमेकांवर मन बसलं आणि बघणाऱ्याला त्यांची जरा टिंगल करायची असली, की चिनी बोलीत म्हणतात, 'वांगबा कान ल्यूदोउ'. कासव मुगाकडे बघतंय. वाक्य इथंच सोडायचं. पुढचा तुकडा ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात जोडायचा असतो: 'द्वेइ शांग येन ल', डोळ्याला डोळा जुळला. कासवाचे डोळे मुगाच्या दाण्यासारखे बारीक, वाटोळे. म्हणून मापाला माप जुळलं हा एक अर्थ, आणि नजरेला पसंत पडलं हा दुसरा. अशा दोन तुकड्यांच्या बोलण्याला 'शिएहोउयू' म्हणतात. आधी चित्र, मग त्याची फोड. चित्र सगळ्यांच्या ओळखीचं असल्यामुळे फोड गिळून टाकली तरी चालते.

ही म्हण वापरताना एक पथ्य आहे. 'वांगबा' ही चिनीतली शिवीसुद्धा आहे. त्यामुळे तिसऱ्या कुणाविषयी, जवळच्या माणसांत, हसतहसत म्हटलं तर खपतं. नवऱ्यामुलासमोर मांडवात काढली तर भांडण ठरलेलं.

थट्टेची असली, तरी चिनी भाषा आकर्षणाकडे कशी बघते ते या म्हणीत नेमकं सापडतं. इथं कुणी कुणाला ओढलेलं नाही. दोन गोष्टी एका मापाच्या होत्या, त्या समोरासमोर आल्या आणि जुळल्या. आपण 'आकर्षण' म्हणतो तेव्हा मुळातच खेच गृहीत धरतो. संस्कृत 'कृष्' म्हणजे ओढणं, आणि नांगरणंही. कृषी त्याच धातूतली. 'ओढ' हा तर उघडच दोरीचा शब्द. चिनीतही खेचण्याचे शब्द भरपूर आहेत, पण जुन्या म्हणींचा मोठा भाग 'कोण खेचतंय' यापेक्षा 'काय जुळतंय' हे विचारतो. (आपल्याकडे 'सूर जुळले', 'तारा जुळल्या' हे शब्द याच घरचे. ते पुढे उपयोगी पडतील.)

आधी खेचण्याचे शब्द. आजच्या चिनीत आकर्षणाला सरळ शब्द आहे 'शीयिन'. दोन अक्षरं. 'शी' म्हणजे श्वासासारखं आत ओढून घेणं, शोषणं. हे अक्षर लिहिताना डावीकडे तोंडाचं चिन्ह येतं. 'यिन' म्हणजे खेचणं. त्यात एक धनुष्य आहे आणि शेजारी एक उभी रेघ. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण चिनीत 'वान यू यिन ली' होतं, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या ठायी असलेली खेच. तेच 'यिन'.

हे 'यिन' चार अक्षरी म्हणींत सारखं भेटतं. चार अक्षरी म्हणींना 'छंगयू' म्हणतात. त्यांतली अक्षरं सहसा बदलायची नसतात आणि मागे अनेकदा एखादी जुनी गोष्ट दडलेली असते. त्यांतली एक नेहमी वापरली जाणारी, आणि परक्यांकडून चुकणारी, म्हणजे 'पाओ झुआन यिन यू': वीट फेकून जेड ओढून आणणं. जेड हा चिनी मनातला सगळ्यांत मौल्यवान दगड. 'छत्तीस डावपेच' म्हणून युद्धाच्या युक्त्यांची जी प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात ही सतरावी: शत्रूपुढे क्षुल्लक आमिष टाकायचं आणि मोठा लाभ उचलायचा. रोजच्या वापरात मात्र ती नम्रतेची झाली आहे. बैठकीत पहिला बोलणारा म्हणतो, 'मी आपली वीट टाकतो, जेड तुमच्याकडून येऊ द्या.' आपण भेट देताना 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणतो, तोच सूर. चूक होते ती इथं: एखादा नवशिका दुसऱ्याचं भाषण संपल्यावर उठून म्हणतो, 'तुम्ही वीट टाकून चांगली सुरुवात केलीत.' म्हणजे तुमचं बोलणं वीट, आता माझं जेड ऐका. कौतुक करायला जाऊन अपमान होतो. वीट नेहमी स्वतःची.

'यिन'च्या मागे काय येतं त्यावर म्हणीचा रंग ठरतो. 'यिन लांग रू शी', लांडग्याला घरात ओढून आणणं, हे आपल्या हातानं संकट बोलावणं. 'झाओ फंग यिन दिए', मधमाश्या आणि फुलपाखरं ओढणं. ऐकायला गोड, पण बाईविषयी म्हटलं तर ती पुरुषांना नादी लावते असा टोमणा आहे. मराठी माणूस फुलपाखरू ऐकून फसतो आणि कौतुक समजून वापरतो. 'झू छाओ यिन फंग', घरटं बांधून फिनिक्सला बोलावणं, ही मात्र सरकारी भाषेची लाडकी. 1978 नंतर चीननं परक्या भांडवलाला दारं उघडली, तेव्हापासून स्थानिक सरकारं ही म्हण उद्योग आणण्यासाठी वापरतात. इथं घरटं म्हणजे काय तेही ठरलेलं आहे: 'सान तोंग यी पिंग', तीन जोडण्या आणि एक सपाटी. पाणी, वीज, रस्ता जागेपर्यंत आणायचा, जमीन सपाट करून द्यायची, मग कारखानदाराला बोलवायचं.

'झाओ' हा 'यिन'चा जोडीदार. त्या अक्षरात हात आहे. अर्थ, हात हलवून बोलावणं. 'शू दा झाओ फंग': झाड मोठं झालं की वारा बोलावतं. प्रसिद्धी आली की त्रास मागून येतो, असा इशारा. म्हणजे आकर्षण ही नेहमी चांगलीच गोष्ट, असं चिनी भाषा मानत नाही.

खेच आणि हाक हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले आहेत ते लोहचुंबकाबद्दलच्या एका जुन्या मजकुरात. छिन राज्याचा मंत्री ल्यू बूवेइ यानं इ.स.पू. 239 च्या सुमारास विद्वानांकडून एक मोठा ग्रंथ तयार करून घेतला. त्यात म्हटलंय की चुंबक लोखंडाला बोलावतो, किंवा काहीतरी त्याला ओढतं. बोलावणं हे 'झाओ', ओढणं हे 'यिन'. त्या वाक्यात चुंबकासाठी जो शब्द आहे तो 'त्सी शी': मायाळू दगड. 'त्सी' म्हणजे आईची माया. पुढच्या काळातल्या भाष्यकारानं खुलासाही दिला: हा दगड लोखंडाची आई, म्हणून तो आपल्या लेकराला ओढतो. आज चुंबकाचं 'त्सी' वेगळ्या अक्षरानं लिहितात, मायेच्या जागी दगडाचं चिन्ह आलं, पण उच्चार तोच राहिला.

इथं आपल्या भाषेकडे बघायलाच हवं. 'चुंबक' म्हणजे चुंबन घेणारा. संस्कृतातला दुसरा शब्द 'अयस्कान्त': लोखंडाचा प्रियकर. एकच काळा दगड, आणि तो लोखंडाला का धरतो याचं उत्तर एका भाषेनं आईच्या मायेत शोधलं, दुसरीनं प्रेमिकांत.

चिनी वाक्य ज्या प्रकरणात आहे, ते प्रकरणही चुंबकाचं नाही. विषय आहे आई-बाप आणि मुलांचा: एकच देह दोन ठिकाणी वाटला गेल्यासारखे ते असतात, म्हणून दूर असले तरी एकाला झालेलं दुसऱ्याला पोचतं. तिथं शन शी नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याची आई हरवली होती. एके दिवशी दारात एक भिकारीण गात होती. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला, का ते त्यालाही कळेना. आत बोलावून चौकशी केली तर ती आईच. चुंबक हा या गोष्टीचा दाखला म्हणून येतो.

या 'पोचण्या'ला चिनीत नाव आहे, 'गानयिंग'. 'गान' म्हणजे हलवणं, स्पर्शणं. 'यिंग' म्हणजे ओ देणं. हाक आणि ओ. जुन्या चिनी विचारात आकर्षणाचा खरा नमुना हाच, आणि त्यासाठी उदाहरण दिलं जातं ते वाद्याचं. च्वांगत्स या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या नावानं असलेल्या ग्रंथात दोन 'स' वाद्यांचा प्रयोग येतो; 'स' म्हणजे आडवं ठेवून वाजवायचं मोठं तंतुवाद्य. एक वाद्य दिवाणखान्यात, दुसरं आतल्या खोलीत. एकावर 'गोंग' हा स्वर छेडला की दुसऱ्यावरची 'गोंग'ची तार हलते. 'ज्यूए' छेडला की 'ज्यूए'ची. बाकीच्या तारा गप्प.

सतार किंवा सारंगी जवळून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुख्य तारांखालच्या तरफेच्या तारांना बोट लागत नाही, तरी वरच्या तारेचा स्वर लागला की त्या झंकारतात. कारण साधं आहे. प्रत्येक ताणलेल्या तारेची एक ठरलेली कंपनसंख्या असते. हवेतून आणि लाकडातून येणारे हलके धक्के त्याच संख्येनं आले, तर झोका योग्य क्षणी ढकलावा तसे ते साठत जातात आणि तार हलू लागते. थोडी जरी उतरली असेल तर एक धक्का पुढे, एक मागे, असं होऊन ते एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून तरफ मिळवताना कानाइतकाच डोळाही कामाला येतो: मुख्य तार छेडायची आणि तरफ थरथरते का ते बघायचं.

'तोंग शंग शियांग यिंग, तोंग छी शियांग छ्यू' या जुन्या वचनाचा अर्थ आता उघडतो: सारखे आवाज एकमेकांना ओ देतात, सारखा प्राण एकमेकांना शोधतो. 'छी' म्हणजे प्राण, श्वास, वाफ, सगळं एकदम. हे 'यीजिंग' या भविष्य बघण्याच्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या परिशिष्टातलं आहे, आणि पुढे म्हटलंय की पाणी ओलाव्याकडे वाहतं, आग कोरड्याकडे जाते. आपलं 'सूर जुळले' हे याचंच दोन शब्दांतलं रूप. गंमत म्हणजे भौतिकशास्त्र चिनीत आलं तेव्हा विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाला (इंडक्शनला) नाव देताना 'गानयिंग' हाच शब्द उचलला गेला. इंडक्शनची शेगडी त्याच तत्त्वावर चालते: खालच्या कॉइलनं हाक द्यायची, भांड्याच्या बुडानं ओ द्यायची, आणि बूड ॲल्युमिनियमचं असेल तर शेगडी नुसती टुंटुं करत बसते.

'सारख्याला सारखं' याची सगळ्यांत प्रचलित म्हण 'वू यी लेइ ज्यू, रन यी छुन फन': वस्तू जातीनं एकत्र येतात, माणसं कळपानं वेगळी होतात. तिच्याशी जोडली जाणारी गोष्ट छी राज्याच्या दरबारातली आहे. छुन्यू कुन या दरबाऱ्यानं एका दिवसात सात हुशार माणसं राजा श्वान याच्यापुढे उभी केली. राजाला शंका आली. हजार ली मुलुखात एक विद्वान मिळाला तरी पुष्कळ म्हणतात ('ली' म्हणजे आजच्या हिशेबानं अर्धा किलोमीटर), आणि तू एका दिवसात सात आणतोस? छुन्यू कुन म्हणाला, एका पंखाचे पक्षी एकत्र उतरतात. छायहू आणि जिएगंग ही औषधी मुळं दलदलीत शोधत बसलात तर पिढ्यान्पिढ्या एक मिळणार नाही. डोंगराच्या उत्तर उतारावर जा, गाड्या भरून आणाल. प्रत्येकाची जागा असते. मी विद्वानांच्या जागेतला माणूस. माझ्याकडे मागणं म्हणजे नदीवर पाणी भरण्यासारखं. नोकरभरती करणाऱ्यांनी हा युक्तिवाद पाठ करून ठेवायला हरकत नाही, फक्त त्यातला धोकाही बघावा: सातही जण छुन्यू कुनच्याच ओळखीचे.

या म्हणीचा सूर आज थोडा वाकडा झालाय. कुणा दोघांना उद्देशून म्हटली तर बहुधा 'चोर चोर मावसभाऊ' असा वास येतो. वासावरून आठवलं, त्याहून कडक म्हण 'छोउवेइ शियांग तोउ', वासाला वास जुळला. पहिलं अक्षर नाक आणि कुत्रा मिळून झालं आहे. पूर्वी ते 'श्यौ' असं उच्चारलं जाई आणि अर्थ होता नुसता वास, चांगला-वाईट कुठलाही. पुढे 'छोउ' म्हणजे दुर्गंधी हा अर्थ वरचढ झाला आणि म्हण नासली. म्हणून दोन मित्रांचं खरं कौतुक करायचं असेल तर 'झी तोंग दाओ ह', ध्येय एक, वाट एक, हे सुरक्षित.

मग 'विरुद्ध टोकं एकमेकांना ओढतात' हे? ते चिनीत आहे, 'यी शिंग शियांग शी', पण ते शाळेच्या विज्ञानातून बोलीत आलेलं आहे. 'शिंग' म्हणजे गुणधर्म, आणि लिंगही, त्यामुळे चुंबकाचे ध्रुव आणि स्त्री-पुरुष दोन्ही एकाच वाक्यात बसतात. हे नवं वाक्य जुन्या म्हणीला खोडतं असं वाटतं. पण जुनी म्हण स्वभावाविषयी बोलते, नवी चुंबकाच्या टोकांविषयी. दोन्ही एकाच तराजूत घालू नयेत.

जुळलंच नाही तर काय, यासाठी एक अस्सल रस्त्यावरची म्हण आहे: 'तीतोउ तियाओझ, यीतोउ र'. न्हाव्याची कावड, एकच टोक गरम. जुन्या काळचा फिरता न्हावी खांद्यावर कावड घेऊन हिंडे. एका टोकाला पाणी तापवायची छोटी शेगडी आणि तिच्यावर भांडं, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाला बसायची पेटी, तिच्याच खणांत वस्तरे. एक टोक कायम तापलेलं, दुसरं गार. एकतर्फी प्रेमाला याहून नेमकं चित्र मिळणं कठीण. धंदाभागीदारीत एकच जण धावपळ करत असेल तरी हीच म्हण चालते. 'एका हातानं टाळी वाजत नाही' ही तर जशीच्या तशी चिनीत आहे, पण तिचा वापर बहुतेक भांडणाच्या वेळी.

आणि जबरदस्ती केली तर 'छियांग न्यू द ग्वा बू तिएन', पिळून तोडलेलं फळ गोड नसतं. 'ग्वा' म्हणजे काकडी-भोपळ्याच्या जातीचं वेलीवरचं फळ: कलिंगड, खरबूज, भोपळा. खरबूज लावणाऱ्याला यातलं शेतीचं सत्य माहीत असतं. फळ पिकलं की देठापाशी बारीक चीर दिसते आणि हलक्या हातानं ते सुटून येतं. पिळावं लागलं तर साखर भरायची बाकी आहे, आणि तोडल्यावर ती वाढत नाही. फळ मऊ पडेल, वास येईल, गोड होणार नाही.

नजरेच्या म्हणींत दोन फसवणुका आहेत. 'यी जिएन झोंग छिंग' म्हणजे पहिल्या नजरेत प्रेम. शब्दकोश उघडला तर 'झोंग'समोर घंटा किंवा घड्याळ दिसतं, आणि शिकणारा प्रेमाची घंटा वाजली असा अर्थ लावतो. मूळ अक्षर वेगळं होतं: दारू साठवायचं भांडं, त्यावरून 'एका जागी साठणं'. 1950 नंतरच्या लिपीसुधारणेत दोन्ही अक्षरं एकच झाली. खरा अर्थ, एका नजरेत सगळी माया एकाच माणसावर साठली. आपलं 'जीव जडला' याच्या बरंच जवळचं.

दुसरी फसवणूक मोठी आहे. 'छन यू लुओ येन', मासे बुडाले, हंस खाली पडले, ही सौंदर्याची कमाल स्तुती. सुंदरीला बघून मासे पोहणं विसरले, असं आज सांगतात. पण चित्र आलंय पुन्हा च्वांगत्सच्याच ग्रंथातून, आणि तिथं मुद्दा उलटा आहे. माओ छियांग आणि ली जी या बायका माणसांना सुंदर वाटतात. मासे त्यांना बघून खोल पळतात, पक्षी उंच उडतात, हरणं धूम ठोकतात. चौघांपैकी सौंदर्य कुणाला कळलं? मासे मोहून बुडाले नाहीत, घाबरून बुडाले. 'प्रियकराच्या डोळ्यांतून शी शी निघते' ही म्हण या मूळ विचाराच्या जास्त जवळ राहिली. शी शी ही यूए राज्याची विख्यात सुंदरी. प्रेमात पडलेल्याला आपली तीच तशी दिसते.

विजेनं नवे शब्द दिले. 'लाइदिएन', वीज आली, म्हणजे दोघांत ठिणगी पडली. फोन येतोय यालाही हाच शब्द, त्यामुळे संदर्भ बघावा. डोळ्यांनी 'फांगदिएन' करणं म्हणजे वीज सोडणं. आणि जोडप्याच्या मध्ये नको तिथं बसलेला तिसरा म्हणजे 'दिएनदंगपाओ', विजेचा दिवा. कबाबमधली हड्डी.

आता 'युआनफन'. चिनी प्रेमाच्या गप्पांत हा शब्द आल्याशिवाय राहत नाही, आणि मराठी वाचकाला तो समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे 'ऋणानुबंध' आहे. 'युआन' या अक्षरात रेशमाचा धागा आहे. मूळ अर्थ कपड्याचा काठ. बौद्ध ग्रंथांचं भाषांतर करताना संस्कृत 'प्रत्यय' यासाठी हे अक्षर वापरलं गेलं. 'हेतु' म्हणजे बी, 'प्रत्यय' म्हणजे माती, पाणी, ऊन. बी असूनही हे नसेल तर अंकुर नाही. म्हणून 'आमचं युआन नव्हतं' याचा अर्थ प्रेम नव्हतं असा होत नाही. प्रेम होतं, बाकीचं जुळून आलं नाही. नाकारताना हा शब्द फार कामाचा, कारण दोष कुणाकडेच जात नाही. म्हण अशी: युआन असेल तर हजार ली ओलांडून भेट होते, नसेल तर समोरासमोर येऊनही नाही.

ऋणानुबंधात देण्याघेण्याचा हिशेब आहे, तो युआनमध्ये तितका ठळक नाही. त्यासाठी चिनीत दुसराच शब्द आहे, 'युआनजिया'. देवनागरीत दोन्ही 'युआन' सारखेच दिसतात, पण चिनीत सूर वेगळा: युआनफनचा चढता, युआनजियाचा उंच आणि सपाट. या दुसऱ्याचा अर्थ वैरी. आणि बायका लाडानं प्रियकराला 'युआनजिया' म्हणतात! 'वैरी नसतील तर डोकी एकत्र येत नाहीत' अशी म्हणच आहे: सारखं भांडणारं जोडपं म्हणजे मागच्या जन्मीचं काहीतरी फेडायचं राहिलेलं.

फिरत्या 'चिनी म्हणी' खऱ्या की खोट्या हे ओळखण्याचा उपायही यातून मिळतो. 'ज्यांची भेट व्हायचीच आहे त्यांना एक अदृश्य लाल धागा जोडतो. तो ताणेल, गुंतेल, पण तुटणार नाही' हे चिनी वचन म्हणून सगळीकडे फिरतं. आधी मूळ चिनी शब्द मागावेत. खऱ्या म्हणीला ते लगेच मिळतात, बहुधा चार अक्षरांत किंवा पाच-सातच्या जोडओळीत. लांबलचक, धीर देणारं वाक्य असेल तर संशय धरावा. लाल दोरीची चिनी म्हण आहे ती एवढीच: हजार ली दूरचं लग्न, एक धागा ओढतो.

तिच्यामागची कथा थांग राजवटीच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) ली फुयेन या लेखकानं लिहिली. वेइ गू नावाचा तरुण लग्न जमेना म्हणून हिंडत सोंगचेंगला येतो. पहाटे चांदण्यात एक म्हातारा पुस्तक वाचत बसलेला, जवळ पिशवी. पिशवीत लाल दोऱ्या. जन्मल्याबरोबर नवरा-बायकोच्या पायांना त्या बांधायच्या हे त्याचं काम. वेइ गू विचारतो, माझी बायको कोण? म्हातारा बाजारात नेऊन दाखवतो: भाजी विकणाऱ्या एकाक्ष बाईच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी. वेइ गूला संताप येतो आणि तो नोकराला त्या मुलीला मारून टाकायला पाठवतो. सुरी भुवयांच्या मध्ये लागते, नोकर पळून येतो. चौदा वर्षांनी वेइ गूचं लग्न एका अधिकाऱ्याच्या घरच्या मुलीशी होतं. ती कपाळावर फुलाची टिकली लावते आणि आंघोळीच्या वेळीही काढत नाही. वर्षभरानं तो कारण विचारतो, तेव्हा ती सांगते: लहानपणी दाईच्या कडेवर असताना बाजारात कुणीतरी सुरी मारली होती, तिचा व्रण आहे. ही हकीकत सोंगचेंगच्या अधिकाऱ्याच्या कानावर गेली, आणि त्यानं त्या मुक्कामाच्या जागेला नाव दिलं, 'लग्न ठरलेली खानावळ'.